ओढणे सोपे, थांबवणे अवघड

आपल्याकडे रस्त्यात गाडी बंद पडली की कुणीतरी म्हणतेच, "टोचन लावा आणि गॅरेजला घेऊन चला." हा 'टोचन' शब्द मुलांनी निबंधात लिहिला की मी तो खोडत नाही. इंग्रजीतल्या टो-चेनचे, म्हणजे ओढायच्या साखळीचे, ते आपल्या मेकॅनिकांनी केलेले रूप असावे. शब्दकोशात नसला तरी रस्त्यावर रोज लागणारा तो शब्द आहे. आपल्या मनात टोचन म्हणजे बंद पडलेली, लाचार गाडी. अमेरिकेत मात्र हजारो कुटुंबे धडधाकट, चालू गाडीला हौसेने टोचन लावतात आणि शेकडो मैल घेऊन जातात. पुढे असते मोटरहोम, म्हणजे चाकांवरचे घर: आत पलंग, चूल, न्हाणीघर, सगळे. मागे, चारही चाके रस्त्यावर टेकवून, मुकाट्याने येत असतो एखादा पिकअप ट्रक.

या मागच्या गाडीला तिकडे दोन गमतीदार नावे आहेत. एक 'टोड', म्हणजे बेडूक. ओढलेली या अर्थाचा इंग्रजी शब्दही कानाला तसाच ऐकू येतो, म्हणून हा विनोद. दुसरे नाव 'डिंगी', म्हणजे मोठ्या जहाजाच्या मागे बांधलेली छोटी होडी. उर्दू-मराठी शिकवणाऱ्या माझ्यासारखीला दुसरे नाव जवळचे वाटते, कारण तो शब्द इंग्रजांनी आपल्याच भागातून उचललेला आहे. हिंदी-उर्दूतली डोंगी, बंगालमधली डिंगी समुद्र ओलांडून गेली आणि आता अमेरिकेच्या डांबरी रस्त्यांवर मोटरहोमच्या मागे धावते आहे.

कुणी विचारेल, घरच चाकांवर आहे तर मागे आणखी गाडी कशाला? त्याचे उत्तर मुक्कामाला पोहोचल्यावर कळते. मोटरहोम जागेवर लावले की त्याला वीज जोडायची, पाण्याचा पाइप लावायचा, सांडपाण्याची नळी बसवायची, जॅक टेकवून ते समपातळीत आणायचे. इतके झाल्यावर दूध संपले, औषध आणायचे आहे किंवा कुणाला डॉक्टरकडे न्यायचे आहे, म्हणून अख्खे घर गुंडाळून बाहेर काढायचे का? शिवाय कित्येक ठिकाणी ते जाऊच शकत नाही. मोंटाना राज्यातल्या ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात डोंगरातून जाणारा 'गोइंग-टू-द-सन' नावाचा प्रसिद्ध रस्ता आहे. त्याच्या वरच्या, कड्यावरून जाणाऱ्या भागात २१ फुटांपेक्षा लांब किंवा ८ फुटांपेक्षा रुंद वाहनांना बंदी आहे. मोठे मोटरहोम तीस-पस्तीस फुटांचे असते. ज्यांनी मागे छोटी गाडी आणली ते वर जातात, बाकीचे खालून डोंगर बघतात. पिकअप आणणाऱ्यांचे आणखी एक कारण असते: सायकली, सरपण, पाण्याचे कॅन हे सारे त्याच्या हौद्यात मावते.

माझ्या लिखाणात या विषयाने शिरकाव केला तो आमच्या बाजीमुळे. बाजी म्हणजे माझी मोठी खालाजाद बहीण. ती आणि दुल्हाभाई तीसेक वर्षांपूर्वी अमेरिकेत गेले. दोघांनी नोकऱ्या केल्या, मुले शिकवली. मुले आता दोन वेगळ्या राज्यांत आहेत. निवृत्तीनंतर या दोघांनी एक वापरलेले मोटरहोम घेतले. वर्षातले काही महिने मुलांच्या, नातवंडांच्या गावाजवळ मुक्काम करायचा, कुणाच्या घरात गर्दी करायची नाही, असा बेत. दारात दुल्हाभाईंचा जुना पिकअप उभाच होता. तो मागे जोडून न्यायचा ठरले आणि तिथून घरात वाद सुरू झाला. मोटरहोम विकणाऱ्याने सांगितले होते, "इतके मोठे इंजिन आहे, मागे गाडी आहे हे तुम्हाला जाणवणारसुद्धा नाही." दुल्हाभाईंना ते पटले. बाजीला त्याच वाक्याची भीती वाटली. तिने मला फोनवर विचारले, "जे जाणवतच नाही, ते सांभाळायचे कसे?"

बाजीचा हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. म्हणून हा सगळा मामला नीट समजून घेतला. तो क्रमाने सांगते.

सर्वांत आधी येते वजन. बहुतेक लोक फक्त मागच्या हुकावरचा आकडा बघतात. हुकावर ५,००० पौंड लिहिलेले असते, म्हणजे सुमारे २,२७० किलो. पिकअप तेवढ्याचाच असला की माणूस निर्धास्त होतो. पण मोटरहोमच्या पाटीवर आणखी दोन आकडे असतात. एक, सामान-पाणी-माणसांसह मोटरहोमचे स्वतःचे जास्तीत जास्त वजन. दुसरा, मोटरहोम आणि मागची गाडी मिळून जास्तीत जास्त वजन. समजा पहिला आकडा २२,००० पौंड आहे आणि दुसरा २६,०००. मोटरहोम पूर्ण भरलेले असेल, तर मागच्या गाडीसाठी उरतात फक्त ४,००० पौंड, म्हणजे जेमतेम १,८०० किलो. हूक ५,००० म्हणत असला तरी गाडी ४,०००च म्हणते आहे. मोठा पिकअप रिकामाच दोन ते अडीच टनांचा असतो. त्याच्या हौद्यात सामान टाकले की ते वजनही त्यातच धरायचे. हूक, ओढायचा दांडा, मोटरहोमची चौकट यांच्यापैकी ज्याचा आकडा सर्वांत लहान, तोच खरा. दोरी तुटते ती जिथे सर्वांत बारीक असते तिथेच, हे आपल्या विहिरीवरच्या बायकांना शिकवावे लागत नाही.

आणि वजन अंदाजाने धरायचे नसते. तिकडे महामार्गालगत ट्रकवाल्यांसाठी वजनकाटे असतात. टाक्या भरून, कपडे-भांडी लादून, दोघांनी आत बसून काट्यावर जायचे. बाजीने हट्टाने तेच केले. त्यांचे मोटरहोम डिझेलवर चालणारे, दणकट बांधणीचे निघाले. पिकअप मागे जोडूनही आकड्यांत जागा उरत होती. पहिला पेपर पास झाला.

दुसरी बाब, ओढायचे कसे. तीन पद्धती आहेत. एक, पूर्ण गाडी ट्रेलरवर चढवायची. ही सर्वांत निर्धोक, पण ट्रेलरचे वजन वाढते आणि मुक्कामात तो रिकामा ट्रेलर ठेवायला जागा लागते. दुसरी, पुढची दोन चाके एका छोट्या दुचाकी गाड्यावर चढवायची आणि मागची रस्त्यावर ठेवायची. पुढच्या चाकांना ताकद मिळणाऱ्या मोटारींना हे चालते. पिकअपच्या बाबतीत ताकद सहसा मागच्या चाकांना जाते, म्हणून त्याला हा उपाय लागू पडत नाही. तिसरी पद्धत, चारही चाके रस्त्यावर. हीच सर्वांत लोकप्रिय, कारण जोडणे आणि सोडणे काही मिनिटांचे काम. पण हिच्यातच सर्वांत महागडा सापळा आहे.

तो सापळा गिअरबॉक्समध्ये असतो. ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनच्या ताकदीवर चालतो. गाडी ओढली जात असते तेव्हा इंजिन बंद असते, म्हणून पंपही बंद. चाके मात्र फिरत असतात आणि त्यांच्याबरोबर गिअरबॉक्सचे काही भागही. तेलाविना लोखंडावर लोखंड घासत राहिले की शे-दोनशे मैलांत सारे जळून जाते. बाहेरून काही दिसत नाही. मुक्कामाला पोहोचून किल्ली फिरवली की कळते.

फोर-व्हील ड्राइव्ह पिकअपमध्ये यावर एक सोय असते. गिअरबॉक्सच्या पुढे ट्रान्सफर केस नावाची आणखी एक पेटी असते आणि काही गाड्यांत तिला खरा न्यूट्रल असतो. तो लावला की चाकांचा आणि गिअरबॉक्सचा संबंध तुटतो. चाके खुशाल फिरोत, गिअरबॉक्स झोपलेला राहतो. पण 'काही गाड्यांत' हे शब्द लक्षात ठेवा. एकाच नावाच्या, एकाच रंगाच्या दोन पिकअपपैकी एक असा ओढता येतो आणि दुसरा येत नाही, असे होते. म्हणून शेजाऱ्याचा तजुर्बा इथे कामाचा नाही. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत ओढण्याबद्दल वेगळे पान असते, ते वाचायचे. फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या पिकअपला ओढायचेच असेल, तर मागच्या चाकांकडे जाणारा दांडा सोडवणारी खास जोडणी बसवावी लागते, नाहीतर ट्रेलर घ्यावा लागतो.

न्यूट्रल लागला असे वाटणे आणि खरोखर लागणे यांतही फरक आहे. म्हणून तपासायची रीत अशी: ट्रान्सफर केस न्यूट्रलला टाका, मग इंजिन चालू ठेवून गिअर पुढचा आणि मागचा असे दोन्ही टाकून बघा. पिकअप जागचा हलला नाही तरच तो मोकळा झाला. त्यानंतर पुस्तिका सांगेल त्या गिअरला ठेवा, किल्ली अशा जागी ठेवा की स्टिअरिंगला कुलूप लागणार नाही, आणि शेवटी हँडब्रेक सोडा. हँडब्रेक ओढलेला राहून चाके घासत गेलेल्या, त्यातून टायर पेटलेल्या गाड्यांच्या गोष्टी तिकडे प्रत्येक तळावर ऐकायला मिळतात.

जोडणीचे काम साधे दिसते. पिकअपच्या पुढच्या चौकटीला एक भक्कम पट्टी बसवतात आणि तिला मोटरहोमकडून आलेला दोन बाहूंचा दांडा खिळतो. हा दांडा शक्यतो जमिनीला समांतर हवा. तो फार तिरका असला की ब्रेक लावताना मागची गाडी पुढच्या गाडीला वर उचलायला किंवा खाली दाबायला बघते. दांड्याखेरीज दोन सुरक्षा-साखळ्या हव्यात, त्या दांड्याखाली एकमेकींवर फुलीसारख्या आडव्या घालायच्या, म्हणजे दांडा निसटलाच तर त्यांच्या झोळीत पडेल. आणि विजेची तार हवी, म्हणजे पुढच्या गाडीने ब्रेक मारला किंवा वळणाचा दिवा लावला की पिकअपचे दिवेही तसेच लागतील. मागून येणाऱ्याला मोटरहोमचे दिवे नीट दिसत नाहीत, त्याच्या समोर असतो पिकअप.

आता मुख्य मुद्दा, ज्यावरून बाजी आणि दुल्हाभाई यांचे आठ दिवस जमले नाही: ब्रेक.

ओढताना मागच्या गाडीचे इंजिन बंद, माणूस आत नाही, म्हणजे तिचे ब्रेक कुणी लावत नाही. पुढच्या मोटरहोमनेच दोन्ही गाड्या थांबवायच्या. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला हिशेब करून बघा. नऊ टनांच्या मोटरहोममागे सव्वादोन टनांचा पिकअप लावला की वजन पाव हिश्श्याने वाढले. ब्रेक तेच राहिले, तर थांबायला लागणारे अंतरही साधारण पाव हिश्श्याने वाढते. जे मोटरहोम ब्रेक लागल्यावर ६० मीटरमध्ये थांबत होते, त्याला ७५ मीटर लागतील. वरचे १५ मीटर म्हणजे आमच्या शाळेच्या दोन वर्गखोल्या. त्या दोन खोल्यांच्या जागेत पुढची मोटार, सायकलवरचे पोर किंवा रस्ता ओलांडणारे म्हातारे माणूस असू शकते. उतारावर तर हिशेब आणखी कडक होतो. वायोमिंगमधल्या टेटन खिंडीत उतार १० टक्के आहे, म्हणजे दर शंभर मीटरला दहा मीटर खाली. तिथे ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्याचे ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत.

यावर उपाय आहे. पिकअपच्या ड्रायव्हरच्या पायाशी एक पेटी ठेवतात. पुढे ब्रेक लागला की तिचा हात पिकअपचे ब्रेक पॅडल दाबतो. कायमची बसवायची यंत्रेही मिळतात. सोबत एक बारीक तार असते. जोडणी तुटून पिकअप सुटलाच, तर ती तार खेचली जाते आणि पिकअपचे ब्रेक आपोआप लागतात. अनेक राज्यांत ३,००० पौंडांपुढच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. काही राज्यांत ही मर्यादा याहून कमी आहे. मोटरहोम बनवणारेही आपल्या पुस्तिकेत ठरावीक वजनापुढे मागच्या गाडीला ब्रेक लावा असे सांगतात.

दुल्हाभाईंचे म्हणणे असे की, हजार-दीड हजार डॉलर त्या पेटीवर कशाला घालायचे? मोटरहोमचे ब्रेक मोठे आहेत, आपण हळू चालवू. कितीतरी लोक तसेच जातात. बाजीने भांडण केले नाही. ती एवढेच म्हणाली, "तुम्ही हळू चालवाल, पण आपल्यासमोर येणारा हळू येईल का? पेटी बसेल त्या दिवशी मी गाडीत बसेन, इन्शाअल्लाह." दोन दिवस घरात बोलणे बंद. तिसऱ्या दिवशी दुल्हाभाईंनी मोटरहोमची पुस्तिका स्वतः उघडून वाचली आणि पेटी मागवली. बाजीच्या सांगण्याला जे जमले नाही ते छापील पानाने केले, आणि बाजीने त्यावर एक शब्द काढला नाही. घर चालवण्याचा हाही एक हुनर आहे.

नंतर त्यांनी एका रिकाम्या मैदानात सराव केला. तिथे आणखी एक धडा मिळाला: मागे जोडलेली गाडी घेऊन रिव्हर्स घेता येत नाही. मोटरहोम मागे सरकले की पिकअपची पुढची चाके एकदम कडेला वळतात आणि दांडा वाकतो. चुकीच्या गल्लीत शिरलात तर उतरायचे, पिकअप सोडवायचा, दोन्ही गाड्या वेगळ्या वळवायच्या आणि पुन्हा जोडायच्या. म्हणून पेट्रोल पंपावर शिरण्याआधीच बाहेर कसे पडायचे ते बघायचे. तळावर अशी जागा मागायची जिथून सरळ आत आणि सरळ बाहेर जाता येईल. मागच्या गाडीचा टायर पंक्चर झाला तरी पुढे बसलेल्याला कळत नाही. त्यासाठी हवेचा दाब सांगणारे यंत्र आणि मागचा कॅमेरा लावतात. निघाल्यावर दहा-पंधरा मैलांवर थांबून चाके हाताने चाचपून बघायचीच. वेगाचे भानही हवे. कॅलिफोर्नियात मागे काही ओढणाऱ्या वाहनाला ताशी ५५ मैल, म्हणजे ८८ किलोमीटर, ही कमाल मर्यादा आहे.

हे सारे वाचून वाटेल, आपल्याला याचे काय? मोटरहोम आपल्या नशिबात नसेल, पण मागे ओढले जाणारे वजन आपल्या रस्त्यांवर रोज आहे. ऊसतोडीच्या हंगामात कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे संध्याकाळनंतर निघून बघा. एक ट्रॅक्टर, मागे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या. ट्रॅक्टरला ब्रेक आहेत, बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे नाहीत. मागचा दिवा कधी असतो, कधी नसतो. चढावर ट्रॅक्टर जोर लावून ओढतो तेव्हा आपण त्याचे कौतुक करतो. उतारावर तेच वजन त्याला मागून ढकलते, तेव्हा त्याच्या हातात फारसे काही राहत नाही. अंधारात अशा ट्रॉलीवर मागून मोटारसायकल आदळल्याची बातमी दर हंगामात वाचावी लागते. दरवर्षी कारखाने आणि आरटीओ रिफ्लेक्टर लावण्याची मोहीम घेतात, ती चांगलीच आहे. ज्यांच्या घरात ट्रॅक्टर आहे त्यांनी त्या मोहिमेची वाट न बघता आधीच रिफ्लेक्टर, दिवे आणि दोन्ही ट्रॉल्यांच्या पिना बघाव्यात. आणि ज्यांच्या घरात मोटारसायकल चालवणारा मुलगा आहे, त्यांनी त्याला सांगून ठेवावे की ट्रॉलीच्या मागे चिकटून जाऊ नकोस आणि उतारावर तिच्या पुढे घुसून ब्रेक मारू नकोस. ट्रॅक्टरवाल्याला थांबायचे असले तरी त्याचे वजन थांबत नाही.

बाजी आणि दुल्हाभाईंनी आता एक कागद केला आहे. निघण्याआधी ती वाचते, ते हात लावून दाखवतात: दांड्याच्या पिना, साखळ्या, तार, दिवे, ट्रान्सफर केस, किल्ली, हँडब्रेक, ब्रेकची पेटी, तुटल्यास खेचली जाणारी तार, टायर. पुढच्या मुक्कामाला कामे उलटतात, ते वाचतात आणि ती हात लावते. दोघांनाही दोन्ही कामे यायला हवीत, कारण साठीनंतर कोण कोणत्या दिवशी आजारी पडेल याचा भरवसा नसतो. मग दुल्हाभाई मोटरहोम दहा पावले पुढे घेतात आणि बाजी बाजूला उभी राहून पिकअपची चारही चाके फिरतात की नाही ते बघते. तिने हात वर केला की ती आत बसते.

या महिन्यात आपल्या घरातल्या एखाद्या वाहनासाठी असा कागद करून बघा. ट्रॅक्टर असो, रिक्षा असो, मुलाची मोटारसायकल असो. दहा ओळी पुरतात. वाचणारा एक आणि हात लावणारा दुसरा असावा, आणि त्यांतला एक घरातला लहान असला तर आणखी चांगले.